सुभेदारांचा चेहरा कोणी घडवला? पोवाड्यापासून फोटोशॉपपर्यंत

१/
पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे सुभेदार तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. शेजारच्या महाड तालुक्यात रायगड उभा आहे. शिवजयंतीला आणि ६ जूनच्या शिवराज्याभिषेक दिनाला या मुलखातील नाके आणि रस्त्याकडेच्या कमानी फलकांनी भरून जातात. तळीयेसारख्या डोंगरकुशीतल्या गावांपर्यंत तशीच चित्रे मोबाईलवरून पोहोचतात. त्यांतील अनेक चित्रे व्यावसायिक चित्रकारांची नसतात. चाहत्यांनी ती फोटोशॉपवर किंवा मोबाईलमधल्या एखाद्या ॲपवर रात्री जागून जुळवलेली असतात. हौसेपोटी केलेल्या या कलेलाही इतिहास आहे, आणि तो संगणकाच्या फार आधी सुरू होतो.

२/
या चित्रांसमोर एक साधा प्रश्न ठेवून पाहावा. फलकावर जो चेहरा दिसतो, तो सुभेदारांचाच आहे हे कशावरून? तानाजींचे समकालीन म्हणता येईल असे एकही चित्र उपलब्ध नाही. त्यांची उंची, वर्ण, मिशीचा आकार, पागोट्याची ठेवण यांपैकी कशाचेही चित्ररूप साधन आपल्याकडे नाही. तरीही ‘तानाजी’ म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक ठाम चेहरा उभा राहतो. तो चेहरा कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घडवला, याचा हा मागोवा.

३/
आरंभ अर्थातच शब्दांपासून. कृष्णाजी अनंत सभासद यांनी इ.स. १६९७च्या सुमारास जिंजी येथे छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिले. तानाजींच्या पराक्रमाविषयीच्या जुन्या लिखित वृत्तांतांत सभासद बखरीचे स्थान महत्त्वाचे आहे. मावळे कड्यावरून वानरांसारखे चढून गेले, उदयभान आणि तानाजी यांची गाठ पडली, दोघेही कामास आले, पुढे सूर्याजींनी लोक सावरून गड घेतला, असा सभासदाचा थोडक्यात वृत्तांत आहे. त्यात घोरपड नाही. तानाजींच्या चेहऱ्याचे वर्णनही नाही.

४/
यशवंती नावाची घोरपड, रायबाचे लग्न, शेलारमामांचा आवेश हे सारे लोकमानसात रुजवले ते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने. पोवाडा हा केवळ वृत्तांत नव्हे. जमलेल्या लोकांना वीराच्या बाजूला ओढून घेणे हे शाहिराचे कामच असते. म्हणून तो प्रसंग मोठे करतो, संवाद घालतो, श्रोत्यांना लक्षात राहील अशी एखादी ठसठशीत वस्तू कथेत ठेवतो. आजच्या भाषेत सांगायचे तर वीराच्या कीर्तीचा प्रसार करणारी ही पहिली चाहता-कला होय. बखरीतला कडा पोवाड्यात आला आणि त्यावर घोरपड चढली. पुढच्या प्रत्येक चित्रकाराने दोर दाखवला तो त्या घोरपडीच्या कमरेलाच.

५/
फलकांवर हमखास असणाऱ्या एका ओळीचेही असेच झाले आहे. गड जिंकला पण सिंहासारखा माणूस गमावला, म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु तानाजी धारातीर्थी पडले ते १६७० साली, आणि ‘सिंहगड’ हे नाव १६६३ सालच्या शिवकालीन पत्रात आढळते. म्हणजे नाव आधीचे आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने ही भावना मराठी घराघरांत नेली. त्यामुळे ती ओळ साहित्याच्या इतिहासात मोलाची ठरते. गडाच्या नामकरणाचा पुरावा म्हणून ती चालत नाही.

६/
महाराजांच्या बाबतीत स्थिती थोडी बरी आहे. निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकात मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून हिंदुस्थानातील राजपुरुषांची चित्रे काढून घेतली. त्यात घोड्यावर स्वार झालेले शिवाजी महाराज आहेत. तो संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गोवळकोंड्याकडच्या शैलीतील महाराजांची आणखी काही चित्रे डचांमार्फत युरोपात गेली. त्यांपैकी एक ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पाहायला मिळते. ही चित्रे आकाराने लहान असली तरी महाराजांच्या काळाला सर्वांत जवळची आहेत.

७/
असे असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी भलत्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे विश्वसनीय चित्र शोधून १९३३ साली लोकांसमोर आणले. या घटनेतून घ्यायचा धडा मोठा आहे. चुकीचे चित्र पसरवण्यासाठी संगणक लागत नाही. छापखाना आणि लोकांची श्रद्धा एवढे पुरते. एकदा चित्र भिंतीवर लागले, त्याला हार पडला, की त्याविषयी शंका घेणे अवघड होऊन बसते. बेंद्रे यांना ते करता आले, कारण त्यांच्याकडे भावनेच्या जोडीला साधन होते.

८/
भिंतीवर चित्र लावण्याची सवय महाराष्ट्रात रुजवली ती शिळाप्रेसने. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तोवर राजवाड्यात किंवा देवळात पाहायला मिळणारी देवादिकांची चित्रे आता काही आण्यांत चाळीतल्या खोलीत आली. याच छापखान्यात काही काळ काम केलेला एक तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. फोटो, छपाई आणि जादूचे प्रयोग या तिन्ही गोष्टी शिकलेल्या या माणसाने १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, आणि चित्राला चित्रपटाची जाहिरात हे नवे काम मिळाले.

९/
ते काम खऱ्या अर्थाने उचलले कोल्हापुरातील बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांनी. हेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४). त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. दरबार, अरण्य, रस्ता, देऊळ असे देखावे कापडावर उभे करण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे त्यांनी कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट केला. चित्रपट लोकांपर्यंत नेण्यासाठी मोठी रंगीत पोस्टरे आणि सचित्र पुस्तिका काढण्याचा प्रघात त्यांनी पाडला. स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच पोस्टरचा चित्रकार, असा तो योग होता.

१०/
येथे पोलादपूरचा धागा पुन्हा हाती लागतो. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली पडद्यावर आणलेला ‘सिंहगड’ हा तानाजींच्याच पराक्रमावरचा मूकपट. रात्रीची लढाई दाखवण्यासाठी त्यात कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला गेला, म्हणून चित्रपटाच्या इतिहासात त्याची वेगळी नोंद आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या भारतीय सचित्र चित्रपट-पोस्टरांतील सर्वांत जुने मानले जाते. प्रभातने १९३३ साली ‘सिंहगड’ बोलपटाच्या रूपात पुन्हा आणला. म्हणजे ज्या वर्षी महाराजांचे विश्वसनीय चित्र लोकांसमोर आले, त्याच वर्षी तानाजींना पडद्यावर आवाजही मिळाला. चेहरा मात्र दोन्ही वेळा नटाचाच होता.

११/
त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे ही बॅनर रंगवणाऱ्या पेंटरांची. त्यांची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. चित्रपटाचा छोटा फोटो घ्यायचा, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या आणि एकेका चौकटीतली रेघ तिकडून इकडे उतरवायची. याला पेंटर ‘ग्राफ टाकणे’ म्हणत. मग नायक मोठा, खलनायक कोपऱ्यात, नायिका मधोमध, खाली आगीचा लोळ, अशी मांडणी होई. एका फोटोत कधीच एकत्र नसलेली माणसे एका कापडावर आणणे ही कला त्यांनी पूर्णत्वाला नेली होती. आजचा चाहता जे माऊसने करतो, ते हे लोक परातीवर उभे राहून ब्रशने करत.

१२/
कोल्हापूरचे जी. कांबळे हे या परंपरेतले थोर नाव. ‘मुघल-ए-आझम’सारख्या चित्रपटांची पोस्टरे रंगवणाऱ्या या चित्रकाराने शिवाजी महाराजांचे जे चित्र केले, ते महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत तेच दिसते. दुसरीकडे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका यांतून महाराज, मावळे, गडकोट घरोघरी नेले. आज चाहत्याने केलेल्या पोस्टरमधील महाराज बारकाईने पाहिले, तर ते बहुधा या तिघांपैकी एखाद्याच्या कुंचल्यातून उतरलेले असतात. पोस्टरखाली मात्र नाव असते ते पोस्टर जुळवणाऱ्याचे.

१३/
कापून चिकटवण्याची युक्तीही संगणकाने आणलेली नाही. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर याने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून एकच भव्य फोटो केला होता. आपल्याकडे राजस्थानातील नाथद्वारा येथे श्रीनाथजींसमोर हात जोडून उभे असलेल्या भक्तांची चित्रे होत. अंगरखा आणि मंदिर चित्रकार रंगवी, चेहरा मात्र भक्ताच्या फोटोतून कापून चिकटवला जाई. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मधील मारुतीचे उड्डाण हीसुद्धा कॅमेऱ्याची हातचलाखीच होती. पाहणाऱ्याला हे ठाऊक असे आणि त्याचा आनंदही तो घेई. फसवणूक आणि कला यांच्यातली सीमा येथेच आहे: पाहणाऱ्याला खेळ माहीत आहे की नाही?

१४/
आता संगणकाकडे. १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल याने पडद्यावर करड्या छटांचे चित्र दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ जॉन हा चित्रपटांतील खास दृश्ये तयार करणाऱ्या कंपनीत होता. दोघांनी मिळून तो वाढवला, अॅडोबी कंपनीने घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आली. प्रात्यक्षिक दाखवताना जॉन एक फोटो वापरी: बोराबोरा बेटावर समुद्राकडे तोंड करून बसलेली त्याची मैत्रीण. पडद्यावर तो तिचीच दुसरी प्रत काढून दाखवी.

१५/
पहिल्या आवृत्त्यांत मात्र एक अडचण होती. एक चित्र दुसऱ्यावर चिकटवले आणि निवड सोडली की दोन्ही एकजीव होत. मग ते हलवता येत नसे. १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ आले. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. सर्वांत खाली आकाश, त्यावर गड, त्यावर धुके, त्यावर मावळा, सर्वांत वर अक्षरे. प्रत्येक काच वेगळी हलवता येते, फिकी करता येते, काढूनही टाकता येते. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरांना ही कल्पना सहज कळली असती, कारण रंगभूमीवर एकामागे एक पडदे सोडून ते हेच करत होते.

१६/
मराठी चाहत्यापुढे एक वेगळीच अडचण होती: अक्षरांची. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांना देवनागरीची जोडणी जमत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला पडे आणि जोडाक्षरे फुटत. मग पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालींचे फाँट वापरले जात. त्यांत इंग्रजी कळेच्या जागी मराठी आकार बसवलेला असे. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच राही. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मजकुराचा कचरा होई. पुढील आवृत्त्यांत युनिकोड मराठी नीट बसू लागले, तेव्हा कुठे ही कसरत संपली. शिवप्रेमी पोस्टरांवरची वळणदार अक्षरे एवढ्या खटाटोपानंतर आली आहेत.

१७/
एकविसाव्या शतकाच्या आरंभी फ्लेक्स आला. संगणकातली फाईल थेट प्लास्टिकच्या कापडावर छापता येऊ लागली. ज्या बॅनरला पेंटरचे आठ दिवस जात, तो तासाभरात हातात पडू लागला. पाटी आणि बॅनर रंगवणाऱ्यांपैकी अनेकांचा धंदा बसला. काहींनी माऊस हाती घेतला. फलक स्वस्त झाले तसे ते अमाप झाले. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५ सालापासून आहे, आणि जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. चित्र कितीही श्रद्धेने केलेले असो, ते कोठे लावायचे याला परवानगी लागते, हा साधा नियम आजही अनेकांच्या गळी उतरत नाही.

१८/
पुढचे पाऊल मोबाईलने टाकले. पिक्सआर्ट, पिक्सेललॅब अशा ॲपांनी लेयर, खोडरबर आणि सावली या सोयी खिशात आणून दिल्या. संगणक नसलेल्या गावातला मुलगाही पोस्टर करू लागला. कामाची रीत ठरलेली आहे. पार्श्वभूमी निवडायची, नायकाचा मागची बाजू कापलेला फोटो आणायचा (याला सगळे ‘पीएनजी’ म्हणतात), कडा मऊ करायच्या, उजेड कोणत्या बाजूने येतो ते जुळवायचे, भगवी छटा द्यायची, वर ठिणग्या आणि धूळ पसरायची, शेवटी अक्षरे. यांतले सर्वांत कठीण काम उजेडाचे. गडावर प्रकाश डावीकडून आणि चेहऱ्यावर उजवीकडून आला की चित्र उसने वाटते. जुने पेंटर याला ‘लाईट चुकली’ म्हणाले असते.

१९/
१० जानेवारी २०२० रोजी ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ प्रदर्शित झाला. नायक अजय देवगण. ऑगस्ट २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकर यांचा ‘सुभेदार’ आला. तानाजी झाले अजय पुरकर. अशा प्रत्येक चित्रपटाच्या वेळी चाहत्यांनी स्वतःची पोस्टरे केली आणि विनामोबदला प्रसिद्धी केली. परिणाम असा की आज ‘तानाजी मालुसरे’ असे शोधले की नटांचेच चेहरे पुढे येतात. शालेय प्रकल्पात, जयंतीच्या फलकावर, कधी भाषणाच्या पत्रिकेवरही तेच लागतात. १९२३ साली प्रेक्षक नटाला नट म्हणून ओळखत होता. आता नट हळूहळू सुभेदारांची जागा घेत आहे, आणि हे कोणी ठरवून केलेले नाही.

२०/
याच साधनांची दुसरी बाजूही त्याच महिन्यात दिसली. जानेवारी २०२० मध्ये, दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, ‘तान्हाजी’ चित्रपटातील दृश्यांवर राजकीय नेत्यांचे चेहरे बसवलेली एक चित्रफीत पसरली. महाराजांच्या आणि तानाजींच्या जागी चालू काळातील नेते पाहून महाराष्ट्रात तीव्र निषेध झाला. तंत्र तेच होते: चेहरा कापणे, रंग जुळवणे, कडा मऊ करणे. चाहता ज्या हाताने आदर व्यक्त करतो, त्याच हाताने कोणी प्रचारही करू शकतो. म्हणून साधनाला दोष देऊन भागत नाही. चित्र कोणी केले, कशासाठी केले आणि त्यात काय उसने आहे, हे विचारावेच लागते.

२१/
इतिहासाच्या अभ्यासकाने असे पोस्टर कसे वाचावे, याचे एक उदाहरण. सिंहगडाच्या बहुतेक पोस्टरांत कड्यामागे भला मोठा पूर्ण चंद्र असतो. लढाईची तिथी माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७० अशी दिली जाते. वद्य नवमीचा चंद्र पूर्ण नसतोच. तो मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवतो आणि अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे रात्रीचा बराच भाग काळोखाचा होता. कडा चढायला ही रात्र का निवडली असेल, ते त्या काळोखातच आहे. पोस्टरमधला पूर्ण चंद्र पुसला, तर चित्र अंधारे होईल. पण मावळ्यांचे धाडस आणि तानाजींची योजना दोन्ही अधिक स्पष्ट दिसतील.

२२/
गडाचेही तसेच. तयार चित्रांच्या साठ्यातून घेतलेला गड कधी कधी चक्क युरोपातला असतो: उंच गोल मनोरे, टोकदार छपरे. सिंहगडाची ओळख त्याच्या बांधकामाइतकीच त्याच्या कड्यात आहे. पश्चिमेकडील डोणागिरीचा कडा आज तानाजी कडा म्हणूनच ओळखला जातो. गड पुण्याजवळ आहे, त्याचे फोटो सहज काढता येतात. ज्याला पोस्टर करायचे आहे, त्याने एकदा गडावर जाऊन स्वतः काढलेला फोटो वापरला, तर चित्रही वेगळे होईल आणि कडा किती उभा आहे हेही पायांना कळेल.

२३/
हक्काचा प्रश्नही इतिहासाचाच भाग आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. सर्वसाधारण नियम असा की चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या चित्रावरचा हक्क टिकतो. बाबूराव पेंटर १९५४ साली निवर्तले, म्हणजे त्यांच्या चित्रांची ही मुदत २०१४ अखेर संपली. दलाल १९७१ साली गेले. हाच नियम लावला तर त्यांची मुदत २०३१ अखेरपर्यंत आहे. शिवाय आपल्या कृतीवर आपले नाव असावे, हा निर्मात्याचा हक्क कायदा वेगळा मानतो. मूळ चित्रकाराचे नाव खोडून त्या जागी स्वतःचा शिक्का टाकणे ही चाहत्यांच्या जगात सवय झाली आहे. मावळ्यांच्या निष्ठेचे चित्र करताना एवढी निष्ठा चित्रकाराशीही असायला हरकत नाही.

२४/
आणि शेवटी तळीये. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत डोंगराचा कडा कोसळला आणि महाड तालुक्यातील या गावाची एक वाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा दुर्घटनेत घराबरोबर भिंतीवरच्या तसबिरी आणि लग्नाचे अल्बमही मातीत जातात. मागे राहिलेल्यांना आपल्या माणसाचा फोटो हवा असतो, तेव्हा ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा चेहरा किंवा कोणाच्या तरी मोबाईलमधला, गर्दीतला, अर्धवट चेहरा तेवढा उरलेला असतो. मग तालुक्याच्या गावातला फोटोवाला तोच चेहरा कापतो, मोठा करतो, डाग काढतो, मागे निळे आकाश घालतो आणि चौकट करून देतो. महाराष्ट्रात गावोगाव असे फोटो भिंतीवर आहेत.

२५/
साधन तेच आहे: मास्क, लेयर, ब्रश. परंतु येथे चेहऱ्याशी खेळता येत नाही. गालावरचा तीळ पुसला, तर आई म्हणते हा माझा मुलगा दिसत नाही. अंगात कधी न घातलेला कोट चढवला तरी घरचे चालवून घेतात; डोळे बदललेले चालत नाहीत. काय कल्पनेने भरायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्या फोटोवाल्याला घरच्यांनी शिकवलेले असते. इतिहासाच्या चित्रातही हाच विवेक लागतो. फरक इतकाच की चूक दाखवायला सुभेदारांच्या घरचे कोणी दुकानात येऊन उभे राहणार नाही. ते काम वाचकाचे आणि अभ्यासकाचे आहे.

२६/
म्हणून चाहत्यांनी पोस्टरे करणे थांबवावे असे मुळीच नाही. तुळशीदासाने पोवाडा रचला नसता आणि बाबूराव पेंटरांनी पडदा रंगवला नसता, तर उमरठचे नाव इतके दूर गेले असते का, याची शंका आहे. फक्त चित्राच्या खाली चार गोष्टी लिहाव्यात: हे कल्पनाचित्र आहे, मूळ चित्र किंवा छायाचित्र अमक्याचे, चेहरा अमक्या नटाचा, प्रसंगाचा आधार बखरीचा की पोवाड्याचा. एवढ्या मजकुराला फलकावर वीतभर जागा लागते. ज्या सुभेदारांचा खरा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही, त्यांच्याविषयी जे थोडे नक्की ठाऊक आहे, ते त्या वीतभर जागेत सुरक्षित राहील.